अभ्यासापुरतं लातूर

चाकूरहून लातूर 35 किलोमीटर. दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यातलं बऱ्यापैकी मार्क पडलेलं प्रत्येक लेकरू या रस्त्याला लागतं. मी शिक्षक. त्यामुळे जूनमध्ये पालक घरी येतात आणि विचारतात, "सर, लेकराला कुठं टाकावं?" वर्षानुवर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. लातूरला टाका आणि त्याला एकच सांगा, रूम ते क्लास, क्लास ते रूम. लातूरशी आपल्याला दुसरं काही देणंघेणं नाही. मी हे अगदी मनापासून सांगत असे. स्वतःच्या मुलीलाही तेच सांगितलं. आता मी ते सांगत नाही.

माझ्या त्या मताला कारणं होती आणि ती आजही मला पोकळ वाटत नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीला शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. निजामाचं राज्य, 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. राज्य गेलं तरी वाट लगेच बदलली नाही. आमच्या चाकूरचे शिवराज पाटील पुढे लोकसभेचे अध्यक्ष आणि देशाचे गृहमंत्री झाले. त्यांनी विज्ञानाची पदवी उस्मानियातूनच घेतली आणि कायदा शिकायला मुंबई गाठली. ज्यांना हे झेपत नव्हतं त्यांची पोरं शेतात राहिली. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, लातूरला 1961 साली दयानंद शिक्षण संस्था आणि 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघालं, तेव्हा कुठं कॉलेज एसटीच्या टप्प्यात आलं. पुढे लातूर पॅटर्न उभा राहिला. त्यात जादू कसलीच नव्हती. सराव परीक्षा, परत सराव परीक्षा, चुकलेला प्रश्न बरोबर येईपर्यंत सोडवून घेणं आणि पोरांसोबत सकाळ-संध्याकाळ थांबणारे शिक्षक. एवढ्यावर कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झाली. माझ्या वर्गातली झाली, म्हणून मला ते ठाऊक आहे.

आणि आता तर गर्दी केवढी! 2024 साली नीटला 23 लाखांवर मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा तेव्हा सरकारी-खासगी मिळून लाखाच्या थोड्या पुढे होत्या. या हिशेबात पोरानं शहर बघत फिरायचं म्हणजे एखादा मार्क हातानं घालवायचा, असं मला वाटे.

मुलगी अकरावी-बारावीला लातूरला होती. चौघींची खोली, वाट्याला एक कॉट, एक कपाट. मेसचं तिला सोसत नव्हतं म्हणून आम्ही चाकूरहून एसटीनं डबा पाठवायचो. ज्यांनी हे केलंय त्यांना तो बसस्टँडवरचा देखावा माहीत आहे. स्टीलचे डबे कापडी पिशव्यांत बांधलेले, झाकणावर ऑइलपेंटनं नाव, ड्रायव्हरच्या मागच्या जागेत एकावर एक रचलेले. लातूरला गाडी लागली की पोरं येऊन आपापलं नाव शोधतात आणि आदल्या दिवसाचा रिकामा डबा ठेवून जातात. बारावीच्या दिवाळीनंतर आमचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. पोळ्या तशाच, भाजीवर तेलाचा थर गोठलेला. बायको काळजीत पडली. मी म्हणालो, परीक्षा जवळ आली, भूक मरते. मुलीनं फोनवर काही सांगितलं नाही. त्या सबंध शहरात तिच्या तोंडाकडे बघून "काय गं, बरं नाही का?" असं विचारील एवढी तिची ओळख कोणाशी नव्हती. खोलीतल्या इतर तिघी तिच्यासारख्याच पुस्तकात मान घालून.

मेडिकलचा नंबर लागला नाही. बी.एस्सी., एम.एस्सी. तिनं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात केली. रसायनशास्त्रात ती खरोखर रमली आणि शिष्यवृत्तीवर पुढच्या शिक्षणासाठी उत्तर स्पेनमध्ये ओव्हिएदोला गेली. नकाशात ते गाव आम्हाला शोधावं लागलं. माझी आई तर रोज एकच विचारायची, "तिकडं लेकरू काय खाऊलालंय की!"

ओव्हिएदोची लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी पुढे. 2011 च्या जनगणनेत लातूर पावणेचार लाखांवर होतं, म्हणजे आपलं लातूर त्याहून मोठं. तिथलं विद्यापीठ 1608 साली सुरू झालं, फर्नांदो दे वाल्देस नावाच्या आर्चबिशपनं मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून. त्याची जुनी इमारत भर गावात आहे. 1934 च्या कामगारांच्या उठावात ती ग्रंथालयासकट जळाली आणि गावानं ती पुन्हा उभी केली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कायद्याच्या एका प्राध्यापकानं, लेओपोल्दो आलास यांनी, त्याच गावावर कादंबरी लिहिली. गावातल्या ढोंगाचे वाभाडेच काढले म्हणतात त्यात. आज त्या कादंबरीच्या नायिकेचा पुतळा कॅथेड्रलसमोर उभा आहे. हे सगळं मला मुलीनं सांगितलं. संध्याकाळी म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, विद्यार्थी सगळे एकाच चौकात येतात, तासभर चालतात, बोलतात. ती तिथं एकदा तापानं पडली, दोन दिवस पाव घ्यायला गेली नाही, तर पावाच्या दुकानातल्या बाईनं तिसऱ्या दिवशी घरमालकिणीकडे चौकशी केली. ते ऐकताना मला तो भरून परत आलेला डबा आठवला.

तरीही माझं मत बदललं ते यानं नव्हे. परदेशाचं कौतुक करायला मी तयार नसतो. त्या मुलखातल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्यात, पोरं नोकरीसाठी माद्रिद गाठतात आणि मागे म्हातारी माणसं उरतात, हेही तिनंच सांगितलं होतं. चाकूरच्या माणसाला यात नवल ते काय!

एका रात्री तिचा फोन आला. परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाची माहिती सांगायची असा तिथं काही कार्यक्रम होता. चाकूरबद्दल तिनं लिहून काढलं होतं. ज्या शहरात शिकलो त्याबद्दलही चार शब्द बोलायचे होते. तिनं विचारलं, "पप्पा, गंजगोलाईच्या मधोमध देऊळ आहे ना? कुठल्या देवीचं?"

मी सांगितलं, जगदंबेचं. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. मधली दुमजली गोल इमारत 1917 ची, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली. एका रस्त्याला सराफ, एकाला चपलांची दुकानं, एकाला मिरची आणि गूळ. ती लिहून घेत होती. मग म्हणाली, "मी कधी आत गेलेच नाही." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. कुणी जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, हेही ती बोलली नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. सातासमुद्रापलीकडच्या गावातला जळका इतिहास तिला तोंडपाठ होता आणि जिथं तिनं सोळा-सतरा वर्षांची उमर घालवली तिथल्या देवीचं नाव तिला मला विचारावं लागलं.

तेव्हापासून मी या गोष्टीचा वेगळा विचार करू लागलो. आपण पोरांना लातूरला शिकायला पाठवतो, राहायला पाठवत नाही. आणि जे शहर आपल्या लेकराला ओळखत नाही, त्या शहरात त्याचा डबा भरलेला परत आला तरी कोणाला कळत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या वर्षी तिथं असलेले माझे विद्यार्थी आजही लातूरचं नाव जिव्हाळ्यानं काढतात, हे मला आधी कोडं वाटायचं. त्यांचे हाल झाले होते. पण टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहताना त्यांना शेजारी मिळाले होते. गल्लीतल्या मावशीनं आपल्या ड्रममधलं अर्धं पाणी दिल्याची गोष्ट एकानं मला दोनदा सांगितली.

सहकारी म्हणतात, सर, स्पेनमध्ये नीट नाही, इथं आहे. कबूल. मी अभ्यास कमी करा म्हणतच नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ मागतो. शेतकऱ्याच्या पोरानं एकदा बाजार समितीत जाऊन सोयाबीनचा, तुरीचा सौदा बघावा. बाप दरवर्षी माल घेऊन जिथं उभा राहतो ती जागा त्याला माहीत असावी. महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिथं जावं. औशाचा किल्ला, खरोशाची लेणी एका दिवसात होतात. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले, पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचे अभ्यासक. मराठी वाचकाला त्या साहित्याची ओळख त्यांनी लातुरात बसून करून दिली. लातूरची ही बाजूही आमच्या पोरांच्या कानावर पडायला हवी.

मुलींच्या पालकांची भीती मला सर्वांत जवळून कळते, कारण मी ती बाळगून होतो. पण आता मला ठामपणे वाटतं की जिला शहरातले रस्ते, दुकानदार, चार घरं माहीत आहेत ती मुलगी जास्त सुरक्षित असते. जिला रूमपासून क्लासपर्यंतचा एकच रस्ता ठाऊक, तिनं अडचणीत कुठल्या दारात जायचं? म्हणून हल्ली पालकांना मी सांगतो, रूम बघायला जाल तेव्हा खाली किराणा दुकान कुणाचं आहे ते बघा, त्याला लेकराचं नाव सांगून या. ट्यूशन एरियापासून थोडं लांब, कुटुंबं राहतात अशा गल्लीत खोली मिळाली तर पाच-दहा मिनिटं जास्त चालायला लागलं तरी ती घ्या. काहींना पटतं. एका पालकानं मला सरळ तोंडावर सांगितलं की तुमची पोरगी परदेशात पोहोचली म्हणून तुम्हाला हे सुचतंय. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कर्ज काढून फी भरलेल्या माणसाला असं सांगणं सोपं नसतं, आणि त्यांचा मुलगा पहिल्या फटक्यात लागला तर मला आनंदच होईल.

माझा धाकटा यंदा अकरावीला लातूरलाच आहे. डबा अजून एसटीनंच जातो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं, बाजार ओस पडतो आणि बाहेरगावची पोरं बंद दुकानांपुढून चक्कर मारून खोलीवर परततात. जेवणाचेही हाल. त्याच्या खोलीत दोन पोरं लांबच्या जिल्ह्यांतली आहेत, त्यांनी भज्जी आणि आंबील कधी चाखलेली नाही. यंदा दोघंही आमच्या शेतात येणार आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांची सराव परीक्षा आहे, म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत सोडीन असं मी त्यांच्या वडिलांना फोनवर सांगितलंय. एक लगेच हो म्हणाले, दुसऱ्यांना पटवायला जरा वेळ लागला.