शेलूचा मुक्काम : रूळ खालचे आणि डोंगरावरचे

सोमवार, रात्री
मावसबहिणीकडे शेलूला पोचले. गाडी अर्धा तास उशिरा. चहा १०, वडापाव २०, रिक्षा ४०. पाठ दुखतेय, डास फार. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, म्हणून दिवस बरा म्हणायचा.

मंगळवार
कर्जतला खोपोलीची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढचीसाठी तासभर बाकावर. पाठ पुन्हा.
पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. एवढाच हा फाटा. १८५६ मध्ये मात्र मुंबईहून निघालेला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग खोपोलीलाच संपायचा. १८५८ला पलीकडे खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट तसाच. लोक खोपोलीला उतरायचे, पालखीने, तट्टावरून नाहीतर बैलगाडीने खंडाळा गाठायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. १८६३ मध्ये बोरघाटातले रूळ पुरे झाले, मुख्य वाहतूक पळसदरीवरून वर वळली आणि खोपोली बाजूला पडली. तरी ही लाइन उखडली गेली नाही. आज डब्यात पाळी संपवून परतणारे कामगार होते, कॉलेजच्या मुली होत्या, भाजीच्या पाट्या होत्या. मला हे फार मोलाचं वाटतं.

बुधवार
नेरळ. माथेरानच्या गाडीचं तिकीट नाही मिळालं. लोकल ५, चहा १०, पुन्हा चहा १०. उशीर, डास.

गुरुवार
आजही तिकीट नाही, पण दिवस वाया गेला नाही. चहाच्या टपरीवर एक काका भेटले. डोंगरावरच्या लाइनवर चावीवाला म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. सैल झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवत, रूळ तपासत रोज ठरलेला पट्टा चालायचा, हे त्यांचं काम. माझ्या वहीकडे बघून म्हणाले, "ताई, लिहिताय तर पावसाचंही लिहा. गाडी सगळ्यांना दिसते, खालची माती कुणाला दिसत नाही."
२६ जुलै २००५चा पाऊस ते सांगत होते. माती वाहून गेली, रूळ नुसते लटकत राहिले. गाडी सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरले आणि गाडी बंद झाली. नेरळहून वरपर्यंत पुन्हा २०१८ला धावली. २०१९च्या पावसात परत वाताहत, ती थेट ऑक्टोबर २०२२पर्यंत. काकांनी ही सालं नातवंडांच्या जन्मसालांसारखी घडाघडा म्हटली. पूर्वी डब्यांवर ब्रेकवाले असत, इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळायचे. उतारावर शिट्टी ऐकू आली नाही तर काय, असं मी विचारलं. "ऐकू यायचीच," एवढंच म्हणाले. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

शुक्रवार
मिळालं! पहाटे रांगेत उभी राहिले. २१ किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लागले आणि एकही मिनिट जड गेलं नाही. रुळांमधलं अंतर दोन फूट, चढ कुठे कुठे विसात एक. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ला काम हाती घेतलं, वडील सर आदमजी यांनी पैसा उभा केला, १६ लाख रुपये लागले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. इतक्या आवळलेल्या वळणांसाठी ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याची खास इंजिनं आणली होती. त्यांची टोकाची चाकं वळणावर आडवी सरकू शकत. जुम्मापट्टीच्या पुढे दरीकडे बघताना मला काकांचा हातोडाच आठवत होता.

शनिवार
वरच मुक्काम केला होता. सकाळी माथेरानहून अमन लॉजपर्यंत शटलने आले. माथेरानात मोटारींना बंदी आहे; त्या अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे घोडे, हातगाड्या, पाय आणि ही गाडी. माझ्या समोर माथेरानचीच एक बाई तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, कर्जतच्या डॉक्टरांकडे निघालेली. नेरळची गाडी पावसाळ्यात बंद असते, तेव्हाही या पावणेतीन किलोमीटरांवर हे शटल चालवतात, म्हणून आमचं निभतं, असं ती म्हणाली.
खोपोलीचा फाटा आजूबाजूच्या लोकांच्या रोजच्या कामाला येतो म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. डोंगरावरच्या गाडीचा हिशेब मात्र पर्यटकांच्या तिकिटांवर मांडला, तर ती प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोन-तीन वर्षं पडून राहणार. या बाईसारख्यांना त्या हिशेबात धरायला हवं, आणि दरडीची कामं उन्हाळ्यातच उरकायला हवीत.