मागची लाईट

अब्बांची स्प्लेंडर १९९८ सालची. तेव्हा हिंगोली आमच्याच जिल्ह्यात होती, १ मे १९९९ ला वेगळी झाली. म्हणून तिकडच्या त्या काळातल्या गाड्यांवर आजही आमच्यासारखाच एम. एच. २२ दिसतो. अब्बा गंगाखेड तालुक्यात जिल्हा परिषदेचे मास्तर होते. परभणीहून रोजचं जाणं-येणं याच गाडीवर. आता निवृत्त झाले, तरी शेताची चक्कर तिच्यावरच. नवी गाडी घेऊ म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "इंजन में क्या खराबी है?"

इंजिनात खरंच काही खराबी नव्हती. खराबी लाईटीत होती, आणि अब्बांना ती माहीत नव्हती. हेडलाईट गेली तर चालवणाऱ्याला लगेच कळतं. मागची लाईट मागच्याला दिसते, आणि मागचा कशाला सांगायला येतोय!

गोदाकाठचा आमचा पट्टा उसाचा. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की गंगाखेड, पाथरी, मानवत या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर चालतात. एकामागे दोन ट्रॉल्या आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. २०११ च्या हिवाळ्यात आमचा मावसभाऊ पाथरी रस्त्यावर अशाच एका बंद पडलेल्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला ना लाईट होती, ना लाल पट्टी. दोन लहान मुलं मागे ठेवून गेला. इशानंतर मिट्टी देऊन आम्ही दोघे भाऊ एका गाडीवर परत निघालो. अब्बा पुढे होते. मानवतच्या अलीकडे समोरून एक ट्रक गेला, डोळे दिपले, आणि पुन्हा पाहतो तर रस्त्यावर अब्बा नाहीत. आमच्या उजेडात त्यांचा पांढरा सदरा आला तेव्हा अंतर जेमतेम दोन गाड्यांचं उरलं होतं. घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने बल्ब बदलला, लाईट लागली, दहा रुपये घेतले. आठ दिवसांत पुन्हा अंधार. पुन्हा बल्ब, पुन्हा दहा रुपये. तिसऱ्या वेळी आम्ही जुना बल्ब मागून घेतला आणि थेट बॅटरीला लावून पाहिला, तर तो चांगला पेटला. मग गाडी अंगणात घेतली आणि स्वतःच शोधायला बसलो.

या गाडीत दोन प्रकारची वीज खेळते, हे आधी समजून घ्यावं लागलं. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकची लाईट बॅटरीवर. हेडलाईट, मीटरची लाईट आणि मागची लाल लाईट सरळ मॅग्नेटोच्या कॉइलवर. म्हणजे इंजिन चालू असेल तरच ती लागते. किल्ली फिरवून हॉर्न वाजला म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नये. मीटर लावून तपासायचं तर हेडलाईटसाठी तो एसीवर ठेवायचा. डीसीवर ठेवला तर चांगल्या तारेतही काटा हलत नाही.

मागच्या बल्बात एका काचेत दोन तारा असतात, एक नेहमीच्या लाल उजेडाची, दुसरी ब्रेकची. दोघींची परतीची वाट एकच. ती हिरवी तार, तिला सगळे अर्थिंग म्हणतात. ब्रेक दाबला की आमची लाल लाईट तेज व्हायच्या ऐवजी विझायची. हीच खूण होती. परतीची वाट अडली की वीज दुसऱ्या तारेतून वाट शोधते आणि दोन्ही मंदावतात. अशा वेळी बल्ब कितीही बदला.

हिरव्या तारेचा वायसर मागच्या मडगार्डजवळ बोल्टखाली कसलेला होता. बोल्ट खोलला तर खाली नुसता गंज. पॉलिशपेपरने लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, वायसर घासला, कसून वर थोडी व्हॅसलिन लावली. लाईट लागली, पण गाडी हलवली की थरथरायची. मग तपकिरी तार हाताने चाचपत गेलो. आमची रेगडाची माती! पावसाळ्यात ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते, वाळली की विटेसारखी होते आणि चाकाबरोबर घासत राहते. त्या मातीने तारेचं कातडं सोलून काढलं होतं. शहरातल्या गाडीला हा आजार होत नसावा. नवीन तार ओढली आणि रबरी नळीतून वरून घेतली.

हेडलाईटचं निदान सोपं होतं. तिथे हँडल रोज हजारदा वळतं, त्यामुळे तार वरून साबूत आणि आत तांबं तुटलेलं. हँडल डावीकडे फिरवलं की लाईट गेली, तर दोष तिथेच. निळी तार अपरची, पांढरी डिपरची. आणि बल्बमागून बल्ब उडत असतील तर रेग्युलेटर पाहावा. तो बिघडला की गाडी पळताना वीज आवरत नाही.

एक गोष्ट मात्र दुरुस्त होत नाही. मॅग्नेटोवरचा उजेड इंजिनाच्या गतीवर चालतो. अंधारात खड्डा आला की माणूस गाडी हळू करतो, आणि हळू केली की पस्तीस वॅटचा दिवा कंदिलासारखा होतो. ज्या घडीला जास्त दिसायला हवं, त्याच घडीला कमी दिसतं. आमचा मावसभाऊही अशाच गाडीवर होता. त्याने शेवटी वेग कमी केला होता की नाही, कोण सांगणार? अब्बांना आम्ही एवढंच सांगितलं, की हळू करताना गिअरही खाली घ्या, म्हणजे इंजिन फिरतं राहील. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची हेडलाईट आपोआप चालूच राहते. अब्बांच्या गाडीला बटण आहे, ते स्वतः दाबावं लागतं.

फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला गावोगावची माणसं रात्री गाड्यांवर येतात. त्याआधी मोहल्ल्यातल्या पाच-सात जुन्या गाड्या आमच्या अंगणात लागतात. पैसे घेत नाही. तार आणि बल्ब ज्याने त्याने आणायचा.

अब्बांनी त्यांची स्वतःची तऱ्हा काढली आहे. संध्याकाळी निघताना गाडी चालू करतात, पाठ चुन्याच्या भिंतीकडे करतात, मान वळवून भिंतीवरचा लाल डाग बघतात. मग ब्रेक दाबतात. डाग मोठा झाला की अम्मीला सलाम करून निघतात.