भुगा आमचा, काटा त्यांचा

वर्षातून दोनदा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून काड्यांचे ढीग निघतात, एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला. ढीग बांधावर ओढायचे आणि पेटवायचे, ही रीतही जुनीच. आमचे थोरले बंधू अण्णा यांना तो धूर कधी पटला नाही. जळणासाठी ब्रिकेट बनवणाऱ्या एका कारखान्याचा माणूस ‘भुगा वजनावर घेऊ’ म्हणाला, तसं त्यांनी गोडी छाटणीला भाड्यानं यंत्र आणलं.

आपल्याकडची बहुतेक श्रेडर यंत्रं काड्या बारीक करून ओळीतच टाकतात. याला मागे पेटी होती. मिनी ट्रॅक्टरच्या पीटीओवर आडवा शाफ्ट फिरतो, त्यावरचे हातोडे काडी ठेचतात आणि भुगा पेटीत जातो. खरी कसोटी उचलणाऱ्या दातांची. ते वर ठेवले तर काड्या सरीतच राहतात, खाली घेतले तर माती येते. त्यात बांधणीची सुतळी शाफ्टला वेटोळे घालते. ड्रायव्हर ओळ संपली की उतरायचा आणि विळ्यानं ती कापून काढायचा. तारेचा एखादा तुकडा आत गेला की हातोड्याला खाच पडलीच.

परतीच्या पावसानं जमीन ओली होती. म्हणून अण्णांनी दात उंचच ठेवले, थोड्या काड्या मागे राहिल्या तरी चालतील म्हणाले.

कारखान्याच्या गेटवर आधी ओलाव्याची वजावट झाली. ती रास्तच, ताज्या काडीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं. मग काट्यावरच्या माणसानं मूठभर भुगा घेतला, चिमटीत चोळला आणि ‘माती’ म्हणून पावतीवर आणखी एक टक्केवारी लिहिली. चाळणी नाही, वजन नाही, काही नाही. अण्णा म्हणाले, “जाळून राख मोजा की!” तो म्हणाला, “अण्णा, मागं गाड्यांची रांग लागलीय.”

हे अजून सलतं. मातीनं राख वाढते, बॉयलरमध्ये तिचे गोळे होतात, ही त्यांची अडचण खरी आहे. पण राखेची चाचणी काही अवघड नाही. वाळवून वजन केलेला नमुना भट्टीत ५५० अंशांवर जाळायचा आणि उरलेलं तोलायचं. ज्याचा पैसा त्या आकड्यावर ठरतो, त्याला तो आकडा मोजून मिळायला नको? ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी बायोमास पेलेटचं बंधन घातलं. स्पेनमध्ये विलाफ्रांका देल पेनेदेस इथं द्राक्षाच्या काड्यांवर वाइनरी आणि इमारती गरम करण्याची योजना उभी राहिली. काडीला किंमत आहेच, ती गेटवर चिमटीत ठरू नये एवढंच.

त्या दिवशी वाटलं, विकायचंच कशाला? भुगा बोदावर पसरला तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब तरी वाढेल. पण मिलीबग लागलेल्या बागेतल्या काड्या तिथंच ठेवायलाही जीव धजत नाही. त्या नीट कुजवाव्या तरी लागतात, नाहीतर बाहेर तरी काढाव्या लागतात. आणि एप्रिलमध्ये जमीन कोरडी असते, काड्या उन्हात चटकन वाळतात, तेव्हा विकणं पुन्हा पटू लागतं.

विकायचंच असेल तर सौदा कोरड्या वजनावर करावा आणि राखेची मर्यादा आधी कागदावर लिहून घ्यावी. गाडी रिकामी होण्याआधी दोघांसमोर नमुना काढून त्याचे दोन भाग करावेत आणि सही केलेली एक पिशवी शेतकऱ्यानं आपल्याबरोबर घरी न्यावी.