आमचे शरावसंपुट

संग्रहाची हौस मनुष्यास एकदा जडली म्हणजे ती कोणत्या वस्तूवर जाऊन बसेल याचा नेम नसतो. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी जुन्या पोथ्या. आणि या तिन्ही छंदांना समाजात प्रतिष्ठाही आहे. आमचा छंद सांगितला म्हणजे मात्र ऐकणारा आधी आमच्या तोंडाकडे पाहतो व मग हसतो. आम्ही हाताने धरून विस्तवावर पाव भाजण्याचे जुने टोस्टर जमवितो. आजमितीस त्यांची संख्या एकोणीस भरली आहे. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, आणि उभा जन्म मुलांना शुद्धलेखन व सुभाषिते शिकविण्यात घालविलेल्या मास्तराने उतारवयात सँडविचच्या नादी लागावे, हे कित्येकांस विपरीत वाटते. त्यात विपरीत काही नाही, एवढे सांगण्यासाठीच हा लेख.

विजेच्या यंत्रांच्या काळात वाढलेल्या वाचकांसाठी प्रथम या वस्तूचे वर्णन करणे अवश्य आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन उथळ वाट्या एका बाजूस बिजागरीने जोडलेल्या असतात. दुसऱ्या बाजूस प्रत्येकीला वीतभर लांबीची दांडी, तिच्यावर लाकडाची अथवा बेकेलाइटची मूठ आणि दोन्ही दांड्या मिटून धरण्यासाठी एक तारेची कडी. वाट्या कधी चौकोनी, कधी वाटोळ्या, तर कधी मधोमध कर्णासारखी उंच रेघ असलेल्या; या शेवटच्या प्रकारात पावाचे दोन त्रिकोण होऊन निघतात. पावाच्या कापांना बाहेरून लोणी लावावे, आत भाजी भरावी, कडी अडकवावी, बाहेर डोकावणाऱ्या कडा कापून टाकाव्यात आणि मग ते सारे विस्तवावर धरून उलटसुलट करावे. यंत्रात घड्याळ नाही, दिवा नाही, घंटी नाही. पाव झाला की नाही हे नाकाने ओळखावयाचे. अ‍ॅल्युमिनियम लवकर तापते, म्हणून पाव लवकर तांबूस होतो. आणि लक्ष जरा ढळले तर तितक्याच लवकर करपतो.

यामागचे शास्त्र सोपे आहे. आतल्या भाजीत पाणी असते, त्यामुळे ती शंभर अंशांच्या आसपास वाफेवर शिजते. बाहेरचा पाव मात्र कोरडा होऊन त्याहून पुष्कळ अधिक तापतो, आणि सुमारे एकशेचाळीस अंशांच्या पुढे त्याला तो खमंग तांबूस रंग चढू लागतो. आत वाफ आणि बाहेर आच, अशी ही दुहेरी क्रिया एका मिटलेल्या भांड्यात चालते. आमच्या वैद्यांना ही युक्ती नवी नाही. मातीच्या दोन परळ तोंडास तोंड लावून, सांधा मातीने लिंपून, आत औषध ठेवून अग्नी द्यावयाचा, याला रसशास्त्रात शरावसंपुट म्हणतात. आमचा टोस्टर म्हणजे मूठ लावलेले शरावसंपुटच होय.

पाश्चात्त्य देशांतही याची पूर्वपीठिका जुनी आहे. लांब दांड्यांच्या लोखंडी चिमट्यात पीठ दाबून पातळ पापड्या भाजण्याची चाल युरोपात कित्येक शतके होती. पावाच्या कापांसाठी तीच कल्पना वापरून ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळच्या बाँडाय येथील डॉक्टर अर्नेस्ट स्मिदर्स यांनी १९४९ साली वाटोळ्या टोस्टरचे पेटंट घेतले. तिकडे त्यास ‘जॅफल’चा चिमटा म्हणतात. पुढे १९७४ साली त्याच देशात ब्रेव्हिल कंपनीने विजेवर चालणारे यंत्र बाजारात आणले, आणि हातातल्या चिमट्याचे दिवस भरत आले. आपल्याकडे मात्र तो आणखी बरीच वर्षे टिकला. मुंबईच्या पदपथावर कोळशाच्या शेगडीवर असे चार-चार टोस्टर एकदम फिरविणारे हात पुष्कळांनी पाहिले असतील.

परंतु टोस्टर घरात येण्यापूर्वी पाव घरात यावा लागतो, आणि आमच्यासारख्या घरांत तो सहजासहजी आलेला नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांच्या पीठापर्यंत जाऊन भिडला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर पाऊणशे वर्षे लोटली तरी जळगावच्या आमच्या वाड्यात पाव हा आजारी माणसाने डॉक्टरांच्या आज्ञेवरून, दुधात बुडवून, ओसरीवर बसून खाण्याचा पदार्थ होता.

या परिस्थितीत पालट झाला तो रेल्वेमुळे. आमचे थोरले काका भुसावळास रेल्वेत नोकरीला होते. भुसावळ हे जुन्या जी.आय.पी. रेल्वेचे मोठे ठाणे. तेथल्या वसाहतीत अनेक प्रांतांचे व अनेक चालीरीतींचे लोक राहत, आणि डबलरोटीचे तेथे कोणास अप्रूप नव्हते. त्याच सुमारास कापलेल्या पावाच्या लाद्याही देशात सर्वत्र पोचू लागल्या होत्या. १९६५ साली केंद्र सरकारने ‘मॉडर्न बेकरीज’ ही कंपनी काढली, ती याच कामासाठी. १९६९ च्या दिवाळीत काकांनी पावाची एक लादी आणि एक चौकोनी टोस्टर घरी आणला. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो.

आजीने निवाडा दिला, तो असा: मुलांनी खायचे तर खावे, पण पाव स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही, आणि ते भांडे घरच्या भांड्यांत मिसळणार नाही. तेव्हा मागच्या पडवीत घासलेटचा स्टोव्ह मांडण्यात आला. स्टोव्हपाशी मुलांना बसू देणे धोक्याचे, सुनांना दुपारी दळणकांडण, निवडणे-टिपणे. राहता राहिली आमची आत्या.

आत्या ही आमच्या वडिलांची सर्वांत थोरली बहीण. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, अकराव्या वर्षी, ती परत माहेरी आली ती कायमची. घरचा नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात तीच करी. दुपारी चार वाजता आम्ही शाळेतून आलो की ती सोवळे सोडून पडवीत येई, एकामागून एक टोस्ट भाजी, आणि सर्वांचे खाणे झाले म्हणजे विहिरीवर पुन्हा स्नान करून संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागे. खानदेशचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. पण पौष-माघातली तिथली सायंकाळची थंडी ज्यांनी भोगली आहे, त्यांना या दुसऱ्या स्नानाची किंमत समजेल. आमच्या खाण्यापायी तिला रोज एक जादा स्नान पडे.

घरात आम्ही लहानमोठी अकरा मुले होतो आणि टोस्टर एकच. त्यामुळे पंगत बसे ती ओळीने, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. कोणाला फिका लागतो, कोणाला कडक, कोणाला कडा काढलेला, हे आत्याला विचारावे लागत नसे. भाजीचेही तिने स्वतःचे प्रकार बसविले होते. बटाट्याची भाजी तर सर्वच घालतात; पण हिवाळ्यात काट्याकुट्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत उरले की तेही ती पावात भरी. एरवी पिकलेल्या केळ्याच्या चकत्या, वर थोडी साखर आणि बाहेरून तूप. जळगावच्या केळ्याला व भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची वार्ता वाचली, तेव्हा आम्हास प्रथम त्या पडवीतला वास आठवला.

आत्याने स्वतः तो पदार्थ कधीही तोंडात घातला नाही. आम्ही एकदा विचारलेही, “आत्या, तू का गं खात नाहीस?” ती म्हणाली, “मला बाई वासानंच पोट भरतं.” आम्हास ते खरे वाटले.

पुढे आजोबांपाशी भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ शिकण्याचा योग आला. त्याच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी रामाच्या शोकाला पुटपाकाची उपमा दिलेली आहे. मिटलेल्या संपुटात आत सर्व काही रटरटत असते. पण गांभीर्यामुळे बाहेर एक भेगही दिसत नाही, असा तो करुण रस. आजोबा पुटपाक म्हणजे काय ते समजावून देत होते, वैद्यांची परळे, मातीचा लेप, गोवऱ्यांची आच, असे सर्व. आणि आमच्या डोळ्यांपुढे मात्र पडवीतली आत्या उभी राहिली. अकराव्या वर्षापासून तिच्या मनात काय शिजत होते, हे त्या घरात कोणी विचारले नव्हते, आणि तिनेही कधी कडी काढून दाखविले नव्हते. ज्या बापाने तिला माहेरी आणले तोच बाप आम्हास तो श्लोक शिकवीत होता. श्लोक संपल्यावर आजोबा बराच वेळ गप्प बसले होते. का, ते आम्हास तेव्हा कळले नाही. आता अंदाज करता येतो.

आत्या १९८१ साली वारली. आमच्या घराण्याची वंशावळ आजोबांनी मोठ्या कष्टाने सिद्ध केली होती; तीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, आत्या नाही. घराच्या खरेदीखतात ती नाही, शेताच्या उताऱ्यावर नाही. तिचे एकही छायाचित्र आमच्यापाशी नाही. आहे तो टोस्टर. त्याची एक लाकडी मूठ जळून बारीक झाली होती, तिच्यावर तिने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून वर दोरा बांधला. ती चिंधी अद्याप तशीच आहे, आणि जेथे तिचा अंगठा टेके तेथे खळगा पडला आहे. बासष्ट-त्रेसष्ट वर्षे एका घरात राबलेल्या बाईचा एवढाच दस्तऐवज शिल्लक राहिला आहे.

संग्रह सुरू झाला तो येथून. नोकरीमुळे आम्ही धुळ्यास आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. सकाळी पांझरेच्या काठाने फिरून येताना पाच कंदिलाकडे वळावे, भंगारवाल्यांच्या ढिगांवरून नजर फिरवावी, हा आमचा क्रम झाला. अशा ढिगात टोस्टर बहुधा वजनावर मिळतो. घेताना आम्ही प्रथम बिजागरीचा खिळा पाहतो. मूळचा असेल तर उत्तम, पण सायकलच्या आऱ्याचा तुकडा घालून कोणी दुरुस्त केला असेल तर आमच्या मते त्याहूनही उत्तम. अ‍ॅल्युमिनियम सोड्याने धुतले तर काळवंडते, आणि चिंचेच्या पाण्यात उकळले तर उजळते, ही गोष्ट नव्या संग्राहकाने ध्यानात ठेवावी. मुठी मात्र आम्ही कधीही घासत नाही.

कोणी म्हणेल, अशा क्षुल्लक वस्तूंचा संग्रह कशास? यास उत्तर देण्यास धुळ्यासारखे गाव नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दारोदार हिंडून कागद जमविले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि १९२६ च्या अखेरीस याच गावी देह ठेवला. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने येथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या दप्तरांपुढे आम्ही नेहमीच हात जोडतो. परंतु कागदावर येतो तो लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहिले जाते तो. स्टोव्हपाशी बसणारीचे नाव कागदावर येत नाही. तिचा हात वस्तूवर उमटतो. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी हे ओळखले होते. बालपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी जे संग्रहालय उभारले, त्यात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातली भांडी यांना मानाचे स्थान आहे. अहमदाबादेसही १९८१ पासून केवळ भांड्यांचे एक संग्रहालय आहे. अडकित्त्याला जो मान मिळाला तो टोस्टरला मिळू नये, असे कोणते शास्त्र सांगते?

आता एक अडचण उभी राहिली आहे. आमच्या चिरंजीवांनी पुण्यास सदनिका घेतली असून आम्ही उभयतांनी तिकडे यावे असा त्यांचा व सूनबाईंचा आग्रह आहे. सूनबाई प्रेमळ आहेत. एकोणीसांसाठी एक फळी रिकामी करून देण्यास त्या तयार आहेत. परंतु त्यांच्या ओट्यावर इंडक्शनची चूल आहे, आणि लोहचुंबक ज्याला चिकटत नाही ते भांडे त्या चुलीवर तापतच नाही. म्हणजे आमची सारी मंडळी तेथे केवळ शोभेची होऊन बसणार.

यावर आम्ही असा तोडगा काढला आहे. अठरा टोस्टर आम्ही ज्या घरांत अजून गॅसची ज्योत आहे अशा आप्तेष्टांत व जुन्या विद्यार्थ्यांत वाटून टाकणार; भांडे वापरात राहिले तरच त्याला अर्थ आहे. प्रत्येकाच्या दांडीला एक पत्र्याची चकती बांधली असून, तो कोठे मिळाला आणि माहीत असल्यास कोणाच्या हातात होता, हे त्यावर कोरले आहे. एकोणिसावा आमच्याबरोबर पुण्यास येईल. त्याच्या चकतीवर आम्ही आत्याचे नाव, तिचे जन्मवर्ष आणि ‘हिने अकरा मुलांना खाऊ घातले’ एवढे कोरून घेतले आहे. वंशावळीच्या नव्या प्रतीतही, वडिलांच्या नावाच्या आधी, तिचे नाव आता लिहिले आहे.

वाचकांस एकच विनंती. आपल्या माळ्यावर, फडताळात अथवा अडगळीत असे एखादे भांडे निघाले, मग तो टोस्टर असो, किसणी असो वा शेवेचा सोऱ्या, तर ते मोडीत देण्यापूर्वी घरातल्या वडील माणसास विचारावे की हे कोणाच्या हातचे. उत्तर देऊ शकणारे माणूस अजून घरात असेल, तर ते नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे.