प्रस्थान

जुन्या घरांतून प्रवासापूर्वी प्रस्थान ठेवण्याची चाल होती. ज्या दिवशी मुहूर्त चांगला, त्या दिवशी निघणे सोयीचे नसले, तर एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एखादे नाणे बांधून ते गाठोडे जावयाच्या दिशेकडील एखाद्या घरी नेऊन ठेवीत. माणूस पुढे दोन दिवस आपल्याच घरी जेवीखाई, आपल्याच अंथरुणावर निजे. परंतु शास्त्रापुरता तो निघालेला असे. देहूला आजही तुकोबांची पालखी देवळातून प्रस्थान ठेवते आणि पहिला मुक्काम त्याच गावातील इनामदारवाड्यात करते. तर्काने चालणारास ही मधली अवस्था चमत्कारिक वाटेल. निघाला तो निघाला, राहिला तो राहिला. निघूनही राहणे हा काय प्रकार? पण घर सोडणे माणसास किती जड जाते, हे ज्याने पुरते ओळखले असेल, त्यानेच ही चाल पाडली असली पाहिजे. निघण्याचे दुःख त्याने दोन हप्त्यांत वाटून दिले.

आमच्या कुटुंबावरही गेल्या हिवाळ्यात असे प्रस्थान ठेवण्याची वेळ आली. त्याची हकीकत सांगावयाची तर आधी आमच्या घराविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत.

आम्ही मूळचे लातूरचे. तिघे भाऊ. थोरले दीर आणि जाऊबाई लातूरच्या जुन्या वाड्यात राहतात; आमचे बिऱ्हाड नोकरीच्या निमित्ताने नांदेडला गेले ते तेथेच स्थिरावले; धाकटे भावजी पुण्याला. जाऊबाईंना आम्ही सारेच वहिनी म्हणतो. माझी मुलेही त्यांना वहिनीच म्हणत मोठी झाली. चुली तीन ठिकाणी झाल्या, तरी महालक्ष्म्या, नवरात्र आणि श्राद्धपक्ष लातूरलाच होत. वाडा मात्र दिवसेंदिवस थकत चालला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने माळवदाला जी भेग पाडली, ती दर पावसाळ्यात थोडी थोडी रुंदावतच आली. थोरल्या दिरांनी सत्तरी ओलांडली. धाकट्या भावजींना मुलीच्या शिक्षणासाठी पैशाची निकड. वाड्याची वाटणी करावी, असे शेवटी ठरले.

भांडण झाले असते तर एक वेळ बरे. बोलून मोकळे तरी झालो असतो. पण तसे काहीच घडले नाही. उलट जो तो दुसऱ्याशी फार जपून बोलू लागला. पत्राचे, दूरध्वनीचे विषय ठरून गेले : प्रकृती, पाऊस, मुलांच्या परीक्षा. वाडा हा शब्द कोणी उच्चारीना. वहिनींना वाडा विकणे सोसणार नाही, अशी आम्हां सर्वांची मनोमन समजूत. आणि त्यांचा एकच निरोप आला, तेव्हा ती समजूत अधिकच दृढ झाली. निरोप असा, की कागदावर सह्या करण्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा कोठे तरी जाऊन यावे.

त्यांच्या मनात पंढरपूर किंवा तुळजापूर असावे. पण बेत ठरविण्याचे काम पुतण्याकडे गेले, आणि त्याने मुंबई–गोवा जलप्रवासाची तिकिटेच काढली. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, अकरा मजल्यांची ‘एम्प्रेस’ नावाची नौका सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून पर्यटकांना घेऊन निघू लागली. तिच्यावर पोहण्याचे तलाव आहेत, नाट्यगृह आहे, मुलांना खेळावयास जागा आहे, इत्यादी वर्णन त्याने केले. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “एवढं पाणी, अन् तेही खारं. बरं, जाऊ या.”

लातूरहून रात्री निघालेल्या गाडीने आम्हां अकरा माणसांना सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आणून सोडले. जहाज सायंकाळी सुटावयाचे. बंदरावर दुपारी हजर व्हावयाचे. मधली सकाळ रिकामी. मुलांची मागणी अर्थातच पाळण्यांची आणि घसरगुंड्यांची. पण गोराईचे एस्सेलवर्ल्ड, जेथे त्यांचे आईबाप १९९० च्या सुमारास शाळेच्या सहलीतून जाऊन आले होते, ते २०२२ साली बंद झाले; आणि २०१३ साली खोपोलीजवळ निघालेल्या इमॅजिकाला जावे, तर दिवस तेथेच मावळावयाचा. तेव्हा सामान स्टेशनावर ठेवून, फराळाच्या पिशव्या तेवढ्या बरोबर घेऊन, आम्ही तीन टॅक्सींतून मलबार टेकडीवर गेलो. तेथे समोरासमोर दोन बागा आहेत. एक फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सगळी मुंबई हँगिंग गार्डन म्हणते. दुसरी १९५२ साली झालेली कमला नेहरू बाग, जिच्यात तो प्रसिद्ध म्हातारीचा बूट आहे.

पहिल्या बागेत झुडपे कातरून त्यांचे प्राणी केले आहेत. मुले त्यांच्यामागे धावू लागली. इतक्यात पुतण्याने सांगितले, की ही हिरवळ साधी जमीन नव्हे. हिच्याखाली एकोणिसाव्या शतकात बांधलेली पाण्याची टाकी आहे, आणि दक्षिण मुंबई तिचेच पाणी पिते. तीत सुमारे पंधरा कोटी लिटर पाणी मावते. वहिनी जागच्या जागी थांबल्या.

लातूरकराला लिटराचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांपाशी दंगे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम निघाला. आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. मलबार टेकडीवरील ती एक टाकी भरावयाची, तर तशा जवळजवळ तीनशे गाड्या लागतील. त्या उन्हाळ्यात वाड्यातली लेकरे आमच्याकडे नांदेडला, गोदाकाठी पाठविली होती. मागे राहिलेल्या मोठ्या माणसांसाठी वहिनींनी स्वतः पाणी मोजून दिले. माणशी अर्धी बादली स्नानाला, दोन तांबे वापरायला. वयाकडे पाहिले नाही, मानाकडे पाहिले नाही. थोरल्या दिरांनाही तिसरा तांब्या मिळाला नाही. आणि नवल हे, की त्या चार महिन्यांत वाड्यात एकही कुरबूर झाली नाही. माप जर सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असेल, तर थोडेसेदेखील पुरते. न दिसणाऱ्या मापाने पुष्कळ मिळाले तरी संशय उरतो.

“लेकरांनो, हळू चाला रे,” वहिनी म्हणाल्या, “खाली पाणी आहे.” हिरवळीखाली दगडी बांधकाम आहे, ते मुलांच्या पावलांनी हलणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्या स्वतःही हळूच चालल्या.

रस्ता ओलांडून आम्ही बुटापाशी आलो. तो चांगला दुमजली उंचीचा आहे. आत शिरून वर खिडकीशी जाता येते. तेथून खाली गिरगावच्या चौपाटीची आणि मरीन ड्राइव्हची कमान दिसते, आणि पलीकडे समुद्र. मुले वरखाली करून दमली, तेव्हा वहिनींनी माझ्या सात वर्षांच्या नातीला जवळ घेऊन विचारले, “हा बूट कुणाचा गं?”

नातीने इंग्रजी शाळेत शिकलेले गाणे मराठीत सांगितले. एक म्हातारी बुटात राहत होती. तिला इतकी मुले होती, की काय करावे तिला सुचेना. तिने त्यांना पावाशिवाय नुसते कढण दिले, फटके मारले आणि निजविले.

“नुसतं कढण, अन् वर मार?” वहिनी म्हणाल्या. “मग पुढं काय झालं?”

“पुढं काही नाही, मोठी आजी. गाणं संपलं.”

“संपलं कसं? लेकरं मोठी झाली असतील. आपापल्या गावी गेली असतील. मग त्या बुटाचं काय केलं?”

बाकावर तिघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. तिघांनीही ते ऐकले, आणि तिघांनीही समुद्राकडे पाहिले. थोड्या वेळाने धाकटे भावजी म्हणाले, “वहिनी, बूट एकच. त्याचे तीन तुकडे केले, तर कुणाच्याच पायात जायचा नाही.”

“तुकडे कशाला करता?” वहिनी म्हणाल्या. “विकायचा. पैसे मोजून तिघांनी वाटून घ्यायचे. मी कधी नाही म्हटलं? मला कुणी विचारलंच नाही.” मग त्या थांबल्या. “वाडा गेल्याचं मला एवढं नाही. पावसाळ्यात भांडी मांडून मांडून माझे हात थकले. पण तुम्ही सगळे माझ्यापुढं असे जपून बोलता, परक्यासारखे, ते सोसत नाही.”

कोणीच काही बोलले नाही. थोरल्या दिरांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडील मंडळींचा स्वभाव अबोल, पण त्यांनीच प्रथम विचारले, “देवघराचं काय करायचं?” आणि मग जे आठ महिने कोंडून राहिले होते, ते सारे त्या बाकावर बाहेर पडले. देव कोणाकडे, महालक्ष्म्यांचे मुखवटे कोणाकडे, आईचा तांब्याचा बंब कोणाला, वाड्यातल्या भाडेकरू आजींची सोय काय. दोन वेळा आवाज चढले. एकदा मीही बोलले. बंबावर हक्क सांगणारी आम्ही तीन घरे निघालो, तेव्हा सर्वांना हसू आले. कारण त्या बंबाला गळती लागून वीस वर्षे झाली होती.

त्या दिवसापासून मी पुष्कळदा विचार केला आहे, की हे बोलणे तेथेच का व्हावे? वाड्यात ते होणे शक्य नव्हते. तेथे प्रत्येक भिंत ऐकत होती, प्रत्येक खुंटी कोणाची तरी आठवण धरून होती. पुढे जहाजावरही ते झाले नसते. तेथे करमणूक इतकी, की माणसाला स्वतःशी बोलावयास सवड मिळू नये. ती सकाळ दोहोंच्या मधली होती. घर सुटले होते, जमीन सुटली नव्हती; सामान दुसरीकडे होते, हात रिकामे होते, आणि दुपारपर्यंत कोणाला काही काम नव्हते. अशा रिकाम्या वेळी, परक्या गावच्या बागेत, लेकरांच्या खेळण्यापुढे बसल्यावर मोठी माणसे मनातले खरे बोलून जातात. आपल्या पूर्वजांनी गाठोडे शेजारघरी ठेवून जी मधली जागा निर्माण केली, तिचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

जहाजावर घरचे खाणे नेता येत नाही, असे पुतण्याने बजावले होते. म्हणून पिशव्या तेथेच सोडल्या. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडी. वहिनींनी अकरा वाटे केले. गुळपापडीचा एक तुकडा उरला, तेव्हा तो त्यांनी सुरीने कापून मुलांत वाटला, आणि चुरा चिमण्यांना टाकला. राहिलेली चटणीची डबी टॅक्सीवाल्याच्या हाती गेली.

दुपारी बॅलार्ड पिअरला पोहोचलो. एके काळी विलायतेची डाक घेऊन येणाऱ्या आगबोटी येथेच लागत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल काही महिने येथूनच उतारू घेऊन पेशावरकडे निघे. त्याही आधी, १८८३ साली, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा समुद्र ओलांडणे म्हणजे जातीला मुकणे असे मानणारी घरे सर्वत्र होती. आमचा प्रवास त्या मानाने अगदीच पोरकट. किनारा धरून गोव्याला जाणे आणि परत येणे. तरी त्या शिडीवर पाय ठेवताना वहिनींनी वाकून धक्क्याला हात लावला आणि तो कपाळी नेला.

वर गेल्यावर आम्हांस चार खोल्या मिळाल्या. किल्ल्या म्हणजे पत्त्यांएवढी कार्डे. कोणी कोणत्या खोलीत राहावे, यावर तेवढ्यातही खल सुरू झाला. वहिनींनी तो दोन वाक्यांत मिटविला : “निजायला ज्याला जिथं बरं वाटेल तिथं जा. जेवायला मात्र सगळे एका वेळी.” गोव्याला जाऊन येईपर्यंत तो नियम कोणी मोडला नाही.

वाड्याचा व्यवहार उन्हाळ्यात पूर्ण झाला. भाडेकरू आजींची सोय पुतण्याने आपल्या जागेजवळ लावून दिली. बंब मोडीत गेला. त्याचे पैसे वहिनींनी तिघांत सारखे वाटले, आणि मनीऑर्डरीने आमच्या वाट्याचे नांदेडला पाठविले. देव थोरल्या दिरांकडे राहिले. महालक्ष्म्या पाळीपाळीने तिन्ही घरी व्हाव्यात असे ठरले, आणि यंदाची पहिली पाळी आमची आहे. वहिनी आठ दिवस आधी येणार आहेत. पुरणाला डाळ किती घ्यावयाची, हे त्यांनी आतापासूनच कळविले आहे; मापटे मात्र त्या आपल्या बरोबर आणणार आहेत.