प्लेगचे ठिपके

अहो, तो आलेख आपल्या मुंबईचा आहे! साथीच्या गणिताचा पाया म्हणून ज्याचं नाव घेतात तो कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ सालचा निबंध परवा पहिल्यांदा उघडला. कोरोनात उठताबसता ऐकलेलं ते ‘एसआयआर मॉडेल’ याच निबंधातून आलेलं. पानं उलटत गेलो आणि आकृतीखाली पाहतो तर मुंबई! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, प्लेगनं दर आठवड्याला गेलेल्या माणसांचे ठिपके, आणि त्यांच्यामधून सफाईनं जाणारी समीकरणाची रेघ. शाळेत प्लेग म्हणजे रँड आणि चाफेकर एवढंच शिकवलं होतं, हे कुणी का नाही सांगितलं?

लिहिणारे दोघे एडिंबरातले. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले. म्हणजे हा आलेख छापला गेला तेव्हा तो त्यांना स्वतःला दिसत नव्हता!

मला राहवेना. समीकरण एक्सेलमध्ये घातलं: ८९० गुणिले हायपरबोलिक सेकंटचा वर्ग, कंसात ०.२ गुणिले आठवडा वजा ३.४. आरंभी जेमतेम चार मृत्यू. दहाव्या आठवड्यात १९२. सतराव्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, ८९०. मग उतरण, आणि जुलैच्या मध्यापर्यंत पुन्हा वीसच्या आत. सगळी बेरीज जवळजवळ ८,९००. तीन आकड्यांत अख्खा मोसम मावतो!

खरी गंमत पुढेच आहे. साथ का थांबते? जंतू दमतात म्हणून? की लागण होण्याजोगं कुणी उरतच नाही म्हणून? दोन्ही नाही, असं हे गणित म्हणतं. लागण होऊ शकणाऱ्यांची दाटी एका मर्यादेखाली उतरली की एका रोग्यामागे सरासरी एकही नवा रोगी तयार होत नाही आणि साथ ओसरते, पुष्कळ जण न लागता सुटलेले असतानाच. आणि हे ताडून पाहायला त्यांनी मृत्यूंचे आकडे घेतले, कारण नोंदलेल्या रोग्यांपैकी ८० ते ९० टक्के दगावतच होते. काय भयंकर सोय!

आता उंदीर. प्लेग मुळात उंदरांचा, पिसवांमार्फत माणसांत येणारा, हे लेखकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते गृहीत धरतात की बेटावरच्या सगळ्या उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखीच, आणि लगेच कबूल करतात की यातलं काहीच काटेकोरपणे खरं नाही. मांडवीच्या धान्याच्या वखारीतला उंदीर आणि मलबार हिलचा उंदीर सारखे! हा प्रांजळपणा मला समीकरणाइतकाच आवडला.

पण मुंबईत प्लेग त्या काळी दरवर्षी त्याच सुमाराला चढायचा आणि पावसाळ्यापर्यंत उतरायचा. या समीकरणाला ऋतू माहीतच नाहीत. निकोलस बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं २०१२ साली नेमकं इथेच बोट ठेवलं, आणि उंदीर, पिसवा व हवामान घेऊन तेच आकडे पुन्हा मांडले. मी आता त्या निबंधाला भिडलोय. गणित अवघड आहे, पण मुंबईचे ठिपके तेच आहेत, आणि उंदीर या वेळी समीकरणाच्या आत आहेत!