खताच्या डब्यावरची पाहुणी

लष्कर, ग्वाल्हेर

२० जुलै
खताच्या डब्याच्या झाकणावर काळीभोर, लांबट माशी. माळीभय्या लांबूनच ओरडला, "ततैया है, हाथ मत लगाना!" पण गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. हिला एकच, मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या इवल्याशा गुंड्या. म्हणजे माशीच.

२१ जुलै
आज भिंगातून नीट पाहिली. मिशा लांब, पायांची टोकं मोजे घातल्यासारखी पांढरी. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक चौकोन, त्यांतून आरपार उजेड येतो. त्यामुळेच कंबर बारीक भासते आणि गांधीलमाशीचं सोंग वठतं. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय, शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. मूळची अमेरिका खंडातली, लिनियसने १७५८ मध्ये नोंदवलेली. पुढे माणसाच्या मालाबरोबर जगभर पसरली. आमच्याकडे यंदाच दिसली, कारण ओला कचरा घरीच जिरवायला लागलो तोही यंदाच.

२ ऑगस्ट
डब्यात अळ्यांची वळवळ. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओतून टाक ते सगळं!" मी ओतलं नाही. ही माशी चावत नाही, स्वयंपाकघरात घोटाळत नाही. खायचं बहुतेक काम अळीपणीच उरकून घेते. शिवाय तिच्या अळ्या माजल्या की तिथे घरमाशीचं फारसं चालत नाही. कोशात जायची वेळ आली की अळी काळपट होते आणि कोरडी जागा शोधत आपण होऊन बाहेर निघते. सासूबाईंना ती नेमकी ओट्याखाली भेटली, हे मात्र वाईट झालं.

११ ऑगस्ट
खरा उपद्रव जुन्या रहिवाशांचा. तुळशीवर तांबूस फळमाश्या, पंखाच्या टोकाशी तपकिरी ठिपका: बॅक्ट्रोसेरा झोनाटा. तुळशीवर जमतात ते नर, मिथाइल युजेनॉलच्या वासाने. हा वास ओळखला तो बिहारमधल्या पुसाच्या कीटकशास्त्रज्ञ हॉवलेटने, १९१५ मध्ये. सुरुवात झाली डासांसाठी वापरलेल्या सिट्रोनेला तेलापासून: डासांचं राहिलं बाजूला, फळमाश्याच गोळा झाल्या! माद्या तोवर आमच्या पावसाळी पेरूंत अंडी घालून मोकळ्या.

पेरूच्या फांदीला मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगला. गळलेले पेरू खताच्या डब्यात टाकू, असं यांचं म्हणणं. ठाम नाही म्हटलं. फळमाशीच्या अळ्या फळातून निघून मातीत कोश करतात. डब्यातून सुटल्या तर वाफ्यातच उतरतील. पेरू पिशवीत घट्ट बांधून गच्चीवर उन्हात ठेवलेत. ऊन पडलं तर.